घामाला दोष देऊ नका, चाकू बदला



मागच्या आठवड्यात बगीच्यात डिंक्याचं काम काढलं होतं. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सकाळी सहाला सुरू केलं, साडेदहाला बंद केलं, तेवढ्या वेळात खांद्यावरचा दुपट्टा तीनदा पिळला. हे लिहायचं दोन वर्षांपासून मनात होतं. पण यात माझीच चूक सांगावी लागते म्हणून टाळत होतो. आता सांगतो.

दोन वर्षांआधी याच दिवसांत संत्र्याच्या बुंध्यावरचा डिंक खरवडून बोर्डोमलम लावायला सहा जणी लावल्या होत्या. त्याआधी उघड्या पात्याचे चाकू होते. ते कमरेला खोचून झाडाखाली वाकलं की टोक पोटात लागायचं. म्हणून म्हटलं, घडीचे चाकू घेऊ. आठवडी बाजारातून सहा घेतले. चकचकीत स्टीलची मूठ, खिशात मावणारे, चाळीस रुपयाला एक. दोनशे चाळीस रुपयांत काम झालं म्हणून मी खूश. पातं उघडल्यावर पक्कं राहायला खटका आहे का, हे मी पाहिलंच नाही. खटका नव्हता. नुसती आतली स्प्रिंग होती.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास एका वहिनीचा हात घामानं सरकला. टोक सालीत अडकलं होतं, मागून जोर होता, पातं मिटलं. मिटताना मधे बोट होतं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. गाडीवर बसवून तालुक्याला नेलं, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. खर्च मी केला. पण बोटाच्या आतली दोरी तुटली होती. जखम भरली, बोट मात्र पुरतं वाकेना.

आता हे समजून घ्या. पऱ्हाटी वेचणारीचं सगळं काम अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटावर चालतं. बोंडातून कापूस ओढायचा तो या दोन बोटांच्या चिमटीनं. आणि वेचणी किलोवर असते, रोजावर नाही. जी बाई चांगल्या दिवशी साठ किलो वेचायची ती त्या दिवाळीला चाळीसच्या वर गेली नाही. हे नुकसान दवाखान्याच्या बिलात कुठंच नव्हतं. ते तिनं भरलं, आणि दर हंगामात भरते.

मी एकदा म्हटलं, वहिनी, मी तो चाकू घ्यायला नको होता. तर त्या म्हणाल्या, "भाऊ, चाकूले कायले बोल लावता? मायाच हात घामानं वला होता."

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. त्या बाईशी नाही, तिला हे वाक्य आपणच शिकवलं. हात कापला की आपण म्हणतो लक्ष नव्हतं, हात ओला होता, सवय नव्हती. घाम ही काय कोणाची चूक आहे? आपल्या वावरात चैत्र ते ज्येष्ठ हात कोरडा राहतच नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उन्हामुळं अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. कामगारांना पाणी आणि पंख्याची सोय करा असा आदेश होता. वावरात पंखा कुठं लावता? पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्या उन्हात वापरायची वस्तू घामाचा हात धरूनच निवडली पाहिजे. ओल्या हातात जो चाकू घसरतो किंवा मिटतो तो आपल्या भागासाठी खराब चाकू आहे. मग त्याचं पोलाद कितीही भारी असो.

आमच्याकडचे जुने लोक यावर लगेच म्हणतात, "आपल्या बुढ्यानं जिंदगीभर साध्या चाकूनं काम केलं, त्याले काई झालं काय?" झालं होतं. माझ्या बाच्या डाव्या अंगठ्याला अर्धं नख नव्हतं. चुलत्याचं एक बोट वाकडं होतं. आम्ही पोट्टे समजायचो की म्हाताऱ्या माणसाचे हात असेच असतात. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांचे हात आठवून पाहा. काही झालं नाही असं नाही, कोणी मोजलं नाही.

दुसरे म्हणतात हात कसबी पाहिजे, चाकू कोणताही चालतो. मी शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत जंभेरीवर डोळे भरणारा कारागीर पाहिला आहे. इंग्रजी टी आकाराचा काप घेऊन डोळा बसवायला त्याला किती वेळ लागतो ते डोळ्यांनी मोजता येत नाही. असा कसबी माणूस, पण चाकू स्वतःचा आणतो, स्वतः पाजवतो, आणि मी पाहायला मागितला तर दिला नाही. कोणताही चाकू चालत असता तर त्यानं तो फडक्यात गुंडाळून ठेवला असता काय? ज्याला कसब आहे तो हत्यार निवडून घेतो. आपल्या रोजंदारीच्या बाईला निवडायला मिळत नाही, मालक देईल ते ती धरते. म्हणून निवडायची जबाबदारी मालकाची. चाकूचे पैसे मालकाचे आणि बोट मजुराचं, अशी वाटणी असली की मालक स्वस्तच घेतो. मी घेतला होता, म्हणून सांगतो.

तिसरा प्रकार नव्या पोरांचा. मोबाईलवर काळ्या रंगाचा, करवतीसारख्या दातांचा, सैनिकी दिसणारा चाकू पाहायचा आणि मागवायचा. त्याची जाहिरात पोलादाच्या नंबरावर असते. पात्यावर ४२० कोरलेलं की ४४०, यावर पोरं भांडतात. अरे भाऊ, पोलाद सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी मूठ, मग खटका, मग पातं.

मूठ आधी का, ते सांगतो. इळ्याची मूठ घसरत असली तर आपण काय करतो? सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो किंवा सुतळी बांधतो. खुरप्यालाही तेच. घडीच्या चाकूला गुंडाळता येत नाही, कारण पातं त्याच मुठीच्या खाचेत शिरतं. गुंडाळलं तर तो मिटणारच नाही. म्हणजे घडीच्या चाकूची मूठ घेताना जशी घेतली तशीच मरेपर्यंत राहते. फार तर दोन्ही बाजूंना ट्यूबचे तुकडे चिकटवता येतात, नाहीतर लाकडी मुठीला करवतीच्या पानानं आडव्या खाचा पाडता येतात. मी दोन्ही करून पाहिलं. खाचा टिकतात, चिकटवलेलं रबर दोन महिन्यांत सुटतं.

चकचकीत स्टील, पितळ आणि गुळगुळीत प्लास्टिक, या तिन्ही मुठी आपल्या कामाच्या नाहीत. घामात तिन्ही साबणासारख्या होतात. त्यात स्टीलची मूठ धुऱ्यावर उन्हात पडली तर उचलताना चटका बसतो, आणि चटका बसला की माणूस ती सैल धरतो. लाकूड चांगलं, पण चमकदार पॉलिश नसलेलं. मऊ रबराची मूठ नवी असताना छान वाटते, पुढं ऊन आणि डिझेल लागून चिकट होते. मला सगळ्यात पटली ती खरबरीत, कडक, जाड प्लास्टिकची मूठ. रंग भडक घ्या, लाल किंवा केशरी. पालापाचोळ्यात हिरवा-काळा चाकू एकदा पडला की तो पुढच्या वखरणीलाच सापडतो.

मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडेल असा उंचवटा पाहिजेच. ठिबकची नळी कापताना, खताच्या चुंगडीत टोक खुपसताना हात पुढं सरकतो. तो उंचवटा नसला तर पुढं थेट पातंच आहे.

खटक्याचे प्रकार दुकानदार सांगत नाही, म्हणून मी सांगतो. नुसत्या स्प्रिंगचा चाकू म्हणजे खटका नसलेला. तो घरी आंबा चिरायला ठीक. दुसरा आतल्या पट्टीचा, पातं उघडलं की आतली पट्टी सरकून त्याच्या बुडाला अडते. तिसरा पाठीवरच्या खटक्याचा, मिटायचा तर मुठीच्या पाठीवर अंगठ्यानं दाबावं लागतं. चौथा कड्याचा, पातं उघडून गळ्यातलं कडं फिरवायचं. हे कडं फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूमुळं गाजलं. तिकडच्या सावोय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये हा लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, शेतकरी आणि गुराखी तोच खिशात ठेवायचे. कडं मात्र १९५५ मध्ये आलं. म्हणजे तिकडंही पहिली पासष्ट वर्षं तो चाकू कड्याशिवाय होता, मग कोणाला तरी वाटलं की बोटं वाचली पाहिजेत. त्याच चाकूचा एक दोषही ऐका. लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं खाचेत आवळून बसतं. थंड मुलखात ते चालून जात असेल. आपल्याकडं दिवसभर घाम आणि नंतर चार महिने पावसाळा, तेव्हा लाकडी मुठीला अधूनमधून जवसाचं तेल पाजावं लागतं.

माझी पसंती पाठीवरच्या खटक्याला. आतली पट्टीही चालते, पण ती मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, आणि नवख्या हातासाठी ते बरं नाही. कोणताही घ्या, पण एक ध्यानात ठेवा. आपली काळी माती खाचेत बसली की खटका पूर्ण लागत नाही, लागल्यासारखा वाटतो. उघडल्यावर टक असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर आधी खाच काडीनं साफ करा, मग काम.

आता पातं. तीन इंच पुरतं. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो, आणि घरगुती व शेतीकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे आपल्या छोट्या चाकूला भ्यायचं कारण नाही. पण बटण दाबून उडणारा चाकू वावरात कशाला पाहिजे? तो खिशातही उडतो. आणि बाजारात, सभेत जाताना चाकू घरी ठेवा.

पोलाद साधं की गंजरोधक, यावर माझं मत लोकांना उलटं वाटेल. साधं पोलाद धारेला चांगलं, घरच्या दगडावर पाच मिनिटांत लागतं. गाडी लोहार ट्रकच्या पाट्याचा इळा करून देतात ना, तसं. मला ते आवडतं. पण घामात मीठ असतं आणि मीठ पोलाद खातं. संध्याकाळी खिशात तसाच राहिलेला चाकू सकाळी तांबूस दिसतो. संत्र्या-लिंबाच्या रसानं तो काळा पडतो ते वेगळंच. त्यात माझा साळा दर्यापूरकडं खारपाणपट्ट्यात आहे. तिथं विहिरीचं पाणीच खारं. चाकू धुतला तरी मीठ आणि नाही धुतला तरी मीठ. त्याचा साध्या पोलादाचा चाकू एका पावसाळ्यात सांध्यात गंजून बसला. घडीच्या चाकूत गंज धारेवर लागला तर घासून निघतो, सांध्यात लागला तर खटका निकामी होतो. म्हणून घडीचा घ्यायचा तर पातं आणि स्प्रिंग दोन्ही गंजरोधक घ्या. साधं पोलाद इळ्याला आणि खुरप्याला ठेवा.

अजून एक कारण आहे. एका झाडाचा रोग चाकूवरून दुसऱ्या झाडाला जातो. म्हणून डोळे भरताना, फांद्या कापताना पातं सोडिअम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायला सांगतात. ते पाणी साध्या पोलादाला लवकर खातं. मग होतं काय, चाकू खराब होतो म्हणून लोक बुडवायचंच सोडतात आणि रोग पूर्ण ओळीत फिरतो.

साध्या लोखंडाचा एक उपयोग मात्र विसरू नका. बोर्डो तयार झाल्यावर त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी इळा किंवा खिळा थोडा वेळ बुडवा. बाहेर काढल्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळं आहे, चुना कमी पडला, थोडी निवळी अजून घाला. हे काम गंजरोधक चाकूनं करू नका, त्यावर थर नीट दिसत नाही आणि तुम्ही फसता.

दुकानात गेल्यावर मी आता या पाच गोष्टी पाहतो.

१. हातावर बाटलीतलं पाणी घेतो, त्यात तेलाचा किंवा साबणाचा एक थेंब. मग मूठ धरून दुसऱ्या हातानं चाकू ओढून पाहतो. पातं मिटलेलं ठेवून, उघडून नाही. दुकानदार हसतो, हसू द्या.

२. ओल्या हातानं उघडतो. नख अडकवायची बारीक खाच घामात काही कामाची नसते. अंगठ्यानं उघडता येईल असं भोक किंवा बटाणा पाहिजे.

३. पातं उघडून, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडावर दोन-तीनदा हलकी आपटतो. मिटलं तर तिथंच परत.

४. खाच आरपार दिसते का पाहतो. बुडाला बंद असलेल्या खाचेत माती आणि घाम साचतो.

५. दोरी ओवायला भोक आहे का पाहतो. दोरी कमरेच्या करगोट्याला किंवा खिशाला बांधावी. मनगटाला बांधून थ्रेशरजवळ जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा, उघडा ठेवून वाळवायचा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि वरचं तेल फडक्यानं पुसून घ्यायचं. तेल सोडलं तर त्यावर धूळ बसते. धार मात्र लावत चला. बोथट चाकूला जोर जास्त लागतो, आणि घामाच्या हातानं जोर लावला की तो हात सरकतोच.

असा चाकू मला साडेतीनशे रुपयांना पडला. चाळीसच्या चाकूच्या जवळपास नऊपट. सहा घेतले, एकवीसशे झाले. घरी बायको म्हणाली महाग पडले. मी तिला वेचणीचा हिशेब करायला लावला. एका बाईची दिवसाला वीस किलोची वेचणी कमी, हंगामाचे किती दिवस, किलोमागं काय भाव. पाटीवर आकडा आला तेव्हा ती गप्प बसली.

कृषी विभागाच्या, विद्यापीठाच्या साहेब लोकांनाही दोन शब्द. तुमच्यातले बरेच जण हे पान वाचतात, रागावू नका. शिवार फेरीला अकोल्याला आम्ही दरवर्षी येतो. वाण पाहतो, यंत्रं पाहतो, ड्रोन उडताना पाहतो. त्यातलं पुष्कळ शिकून घरी नेलं. पण ज्या बाईच्या हातानं डिंक खरवडायचा आणि पानसोट काढायचा तिच्या हातात काय द्यायचं, त्याचं एक टेबल मी कधी पाहिलं नाही. तुमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, धारदार चाकूनं साल खरवडून घ्यावी. कसल्या चाकूनं? कोणत्या मुठीच्या? मे महिन्यात खरवडायला सांगता तर मे महिन्याच्या हाताचा चाकूही सांगा. चार प्रकारचे चाकू घेऊन, घामाच्या हातानं वापरून, कोणता घसरतो आणि कोणता नाही एवढं पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक बगीचा, चार बाया आणि एक आठवडा लागतो. बगीचा माझा घ्या.

आणि आपण शेतकऱ्यांनी रोटाव्हेटरच्या अनुदानासाठी दहा चकरा मारायच्या आणि चाकू घेताना सगळ्यात स्वस्त कोणता ते विचारायचं, हे बंद करा. पाऊस पडायच्या आत घरातले सगळे घडीचे चाकू बाहेर काढा. ज्याला खटका नाही तो वावरातून काढून स्वयंपाकघरात द्या. ज्याचा खटका सैल झाला तो भंगारात टाका. मजुराला देऊ नका, "जरा सांभाळून" म्हणून तर अजिबात देऊ नका. सांभाळून वापरावा लागतो असा चाकू आपण स्वतःच्या पोराला देतो काय?

त्या वहिनी यंदाही डिंक्याच्या कामाला आल्या होत्या. मी नवा चाकू पुढं केला. त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला, अंगठ्यानं उघडला, आवाज ऐकला आणि पात्याची पाठ बुंध्यावर दोनदा आपटून पाहिली. मग पदराला हात पुसून कामाला बसल्या. मला काही विचारलं नाही.

पटलं तर करा. नाही पटलं तर सांगा, पण आधी हात ओला करून तुमच्या खिशातला चाकू धरून पाहा.

राम राम.